कायद्याने केलेला अन्याय आणि सभागृहातली माफी : कॅनडातील अनुभव

सागरगोटा (धागाकर्ता)

३ ऑगस्ट २००८ रोजी कॅनडाचे तत्कालीन पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी व्हँकुव्हरजवळच्या सरे शहरातील एका उद्यानात, गदरी बाबांच्या, म्हणजे ब्रिटिशविरोधी गदर चळवळीतल्या क्रांतिकारकांच्या, स्मरणार्थ भरणाऱ्या मेळ्याला जमलेल्या लोकांसमोर, १९१४ सालच्या कोमागाटा मारू प्रकरणाबद्दल, म्हणजे भारतीय प्रवाशांचे जहाज बंदरातून परत पाठवल्याबद्दल, माफी मागितली. ते निघून गेल्यावर आयोजकांनी जमावाला ही माफी मान्य आहे का असे विचारले, आणि लोकांनी ती तिथल्या तिथे नाकारली. दोनच वर्षांपूर्वी, २२ जून २००६ रोजी, याच पंतप्रधानांनी चिनी वंशाच्या नागरिकांची माफी संसदेच्या हाउस ऑफ कॉमन्स या सभागृहात उभे राहून मागितली होती, मग आमची बागेत का, असा जमलेल्या लोकांचा सवाल होता. मंत्री जेसन केनी यांनी माफी एकदा मागून झाली आहे, ती पुन्हा मागितली जाणार नाही, असे सांगून विषय मिटवला. हा आक्षेप वरवर मानापमानाचा वाटत असला तरी कायद्याच्या अंगाने पाहिल्यास तो पूर्णपणे योग्य होता, असे माझे मत आहे, आणि ते तपासून घेण्यासाठी हा धागा काढत आहे.

आधी चिनी प्रकरण. कॅनडियन पॅसिफिक रेल्वेचा ब्रिटिश कोलंबियातील डोंगराळ भाग बांधण्यासाठी सुमारे १५,००० चिनी मजूर आणले गेले. नोव्हेंबर १८८५ मध्ये मार्ग पूर्ण झाला, आणि ज्या वर्षी मजुरांची गरज संपली त्याच वर्षी संसदेने कायदा करून देशात येणाऱ्या चिनी माणसावर ५० डॉलरची डोईपट्टी बसवली. व्यापारी, मुत्सद्दी आणि विद्यार्थी अशा थोड्या लोकांना सूट होती. पट्टी १९०० च्या कायद्याने १०० डॉलर झाली आणि १९०३ मध्ये ५०० डॉलर, म्हणजे एका चिनी मजुराची साधारण दोन वर्षांची कमाई. सुमारे ८२,००० लोकांनी मिळून २ कोटी ३० लाख डॉलर सरकारजमा केले. एवढे करूनही लोक येतच राहिले, तेव्हा १ जुलै १९२३ रोजी, नेमक्या कॅनडाच्या राष्ट्रीय दिनी, जवळजवळ संपूर्ण बंदीचा कायदा लागू झाला. तो १९४७ पर्यंत टिकला, आणि त्या २४ वर्षांत पन्नासहून कमी चिनी लोकांना प्रवेश मिळाला. नवरा कॅनडातल्या एखाद्या लाँड्रीत किंवा खाणावळीत आणि बायकामुले दक्षिण चीनमधल्या गावी, अशी कुटुंबे दोन दोन दशके दुभंगलेली राहिली.

भारतीयांच्या बाबतीत अडचण वेगळी होती. ते ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन, त्यामुळे त्यांना नाव घेऊन बंदी घालणे लंडनला परवडणारे नव्हते. तेव्हा जानेवारी १९०८ मध्ये एक आदेश निघाला : जन्माच्या किंवा नागरिकत्वाच्या देशातून थेट, मध्ये कुठेही न थांबता, तिथेच काढलेल्या तिकिटावर जो आला असेल त्यालाच प्रवेश. या मजकुरात भारताचे नाव कुठेही नाही. परंतु भारतातून कॅनडाला थेट जाणारी जहाजसेवाच शिल्लक ठेवली गेली नव्हती. जोडीला आशियाई प्रवाशाजवळ २०० डॉलर असले पाहिजेत, ही दुसरी अट. नोव्हेंबर १९१३ मध्ये पनामा मारू जहाजावरून आलेल्या काही शिखांचा खटला ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायालयात उभा राहिला, मुख्य न्यायाधीश गॉर्डन हंटर यांनी या आदेशांचा मसुदा मूळ कायद्याशी जुळत नाही असे ठरवले आणि माणसे सुटली. सरकारने काय केले? जानेवारी १९१४ मध्ये आदेश नव्याने, शब्द सुधारून काढले.

गुरदित सिंग या शीख व्यावसायिकाने भाड्याने घेतलेले कोमागाटा मारू जहाज २३ मे १९१४ रोजी ३७६ प्रवाशांसह व्हँकुव्हरच्या बंदरात आले तेव्हा कुलूप दुरुस्त झालेले होते. ३४० शीख, २४ मुसलमान आणि १२ हिंदू असे ते प्रवासी होते. पूर्वीपासून तिथे राहणाऱ्या वीसेक जणांना उतरू दिले, बाकीचे दोन महिने जहाजावरच अडकून पडले. मुन्शी सिंग या प्रवाशाचा नमुना खटला, ज्याच्या निकालावर इतरांचेही भवितव्य ठरणार होते, जुलैच्या पहिल्या आठवड्यात अपील न्यायालयात हरला. २३ जुलैला रेनबो या युद्धनौकेच्या देखरेखीखाली जहाज परत पाठवले गेले. २९ सप्टेंबरला कलकत्त्याजवळ बजबज येथे पोलीस आणि सैनिकांच्या गोळीबारात सुमारे वीस प्रवासी मारले गेले.

आता मुद्द्यावर येतो. पनामा मारूच्या निकालाचा अपवाद सोडला, तर या सगळ्यात कॅनडाच्या सरकारने जे केले ते कायद्याच्या आधारानेच केले. जे झाले ते विधेयक मांडून, राजपत्रात छापून, पावती देऊन झाले. म्हणूनच न्यायालये त्यावर उपाय देऊ शकली नाहीत. डोईपट्टी भरलेले शॅक जँग मॅक आणि इतरांनी २००० साली ऑन्टारिओत सरकारवर सामूहिक दावा लावला. तो २००१ मध्ये फेटाळला गेला, २००२ मध्ये अपील फेटाळले गेले आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीस परवानगी नाकारली. हक्कांची सनद १९८२ ची, ती मागे जाऊन लागू होत नाही, आणि पट्टी त्या काळच्या वैध कायद्यान्वये घेतली होती, असे त्याचे सार होते. पहिल्या न्यायालयाच्या न्यायाधीशांनीच संसदेने भरपाईचा विचार करावा असे सुचवले. ज्या सभागृहाने बहुमताने अन्याय मंजूर केला, त्याच सभागृहाच्या कामकाजाच्या नोंदीत त्याची कबुली आली पाहिजे, इतर कोणत्याही जागी ती अर्धवटच राहते, हे यावरून निघते. १८ मे २०१६ रोजी तत्कालीन पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी कोमागाटा मारूची माफी हाउस ऑफ कॉमन्समध्ये मागितली, तेव्हा आठ वर्षांपूर्वीच्या मेळ्यातल्या लोकांचे म्हणणे खरे ठरले.


चिकित्सक

लेख माहितीपूर्ण आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. १८८५ च्या संसदेत बसलेले लोक केव्हाच गेले. आज कर भरणाऱ्यांपैकी कितीतरी जण स्वतःच गेल्या तीस वर्षांत स्थलांतर करून आलेले आहेत, त्यांच्यापैकी काही भारतीय आणि चिनीही आहेत. त्यांनी कुणाची आणि कशाबद्दल माफी मागायची? शिवाय त्या काळी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका सगळीकडे असेच कायदे होते. आजच्या नीतिमूल्यांनी शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांना तोलायचे ठरवले तर कुठलेच सरकार सुटणार नाही, आणि मग माफी हा एक स्वस्त सोहळा होऊन बसेल. जिथे मतदारसंघात त्या समाजाची मते आहेत तिथे माफी, जिथे नाहीत तिथे मौन, असे प्रत्यक्षात दिसतेच. सरेचा मेळा निवडणुकीच्या गणितापासून फार लांब नव्हता, हे धागाकर्त्यांनीही मान्य करावे.


नीलपंख

चिकित्सक यांचा युक्तिवाद कॅनडाच्या संसदेत जवळपास याच शब्दांत केला गेला आहे. जून १९८४ मध्ये पंतप्रधानपद सोडण्याच्या बेतात असलेल्या पिएर ट्रूडो यांनी जपानी वंशाच्या नागरिकांची माफी मागण्यास नकार देताना, भूतकाळ दुरुस्त करणे हे सरकारचे काम नाही, आपण आपल्या काळापुरते न्यायाने वागू शकतो, अशा आशयाची भूमिका घेतली होती. पुढे त्यांच्याच मुलाने पंतप्रधान म्हणून एकामागून एक माफ्या मागितल्या, हा इतिहासाचा विनोद बाजूला ठेवू.

पण त्या भूमिकेतली खोट जपानी प्रकरणात सर्वांत स्पष्ट दिसते, म्हणून ते जरा विस्ताराने सांगतो. १९४२ च्या आरंभी ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरून जपानी वंशाच्या सुमारे २२,००० लोकांना हलवण्यात आले. त्यातले बहुसंख्य कॅनडातच जन्मलेले किंवा रीतसर नागरिकत्व घेतलेले होते. पहिल्यांदा त्यांना व्हँकुव्हरच्या हेस्टिंग्ज पार्कमध्ये, पशुप्रदर्शनासाठी बांधलेल्या गोठ्यांत ठेवले. तिथून स्लोकन खोरे, न्यू डेन्व्हर, टाश्मे, ग्रीनवुड अशा आतल्या वस्त्यांत, किंवा प्रेअरी प्रांतांतल्या बीटच्या शेतांवर. मासेमारीच्या हजाराहून अधिक होड्या आधीच जप्त झाल्या होत्या. घरे, दुकाने, शेते ज्या सरकारी अधिकाऱ्याकडे सांभाळण्यासाठी म्हणून सोपवली गेली, त्याने १९४३ पासून ती मालकांच्या संमतीशिवाय विकायला सुरुवात केली, आणि त्या विक्रीचे पैसे त्याच कुटुंबांच्या स्थानबद्धतेतील खर्चासाठी वापरले गेले. ज्याला डांबले त्याच्याच घराच्या किमतीतून त्याच्या डांबण्याचा खर्च वसूल करणे, हे त्या काळाच्या नीतीलाही शोभणारे नव्हते.

आणि त्या काळाला काय माहीत होते? पंतप्रधान मॅकेंझी किंग यांनी ऑगस्ट १९४४ मध्ये संसदेत सांगितले की कॅनडात जन्मलेल्या जपानी वंशाच्या एकाही व्यक्तीवर युद्धकाळात घातपाताचा किंवा देशद्रोहाचा आरोप आलेला नाही. तरीही युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, सुमारे ४,००० जणांना जपानला पाठवले गेले, आणि किनाऱ्यावर परत येण्याची मनाई १ एप्रिल १९४९ पर्यंत उठली नाही. म्हणजे आजच्या फूटपट्टीने त्यांना मोजले जाते आहे असे नाही. सत्य त्यांच्याजवळ होते, तेही सभागृहाच्या नोंदीत.

भरपाईचा करार २२ सप्टेंबर १९८८ रोजी झाला. पंतप्रधान ब्रायन मुलरोनी यांनी हाउस ऑफ कॉमन्समध्ये माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येक बाधिताला २१,००० डॉलर मिळाले, त्या कायद्यांखाली शिक्षा झालेल्यांची नावे निर्दोष करण्यात आली, जपानला पाठवलेल्यांना नागरिकत्व परत देण्याची सोय झाली, समाजासाठी निधी आणि वंशसंबंधांविषयीचे एक प्रतिष्ठान उभे राहिले. अमेरिकेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायदा करून हयात बाधितांना प्रत्येकी २०,००० डॉलर देऊ केले होते, आणि त्याचा दबाव ओटावावर, म्हणजे कॅनडाच्या सरकारवर, आला हे उघड आहे. पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती आर्ट मिकी यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय संघटनेने १९८६ मध्ये एका मोठ्या लेखापरीक्षण संस्थेकडून करून घेतलेली नुकसानीची मोजणी. त्या वर्षीच्या किमतीत ती ४४ कोटी ३० लाख डॉलर भरली. माफीची मागणी आकडा हातात घेऊन केली की तिला सोहळा म्हणणे कठीण जाते.


उत्तरवारा

मी सरेमध्येच राहतो, म्हणून दोन बाबी जोडतो. २०१६ च्या माफीसोबत कोणालाही वैयक्तिक भरपाई मिळाली नाही, कारण मूळ प्रवाशांपैकी कुणी उरलेच नव्हते. तरीही इथल्या पंजाबी वृद्धांना तो दिवस आठवतो, आणि त्याचे एक कारण संसदेतल्या बाकांवर बसलेले होते. तेव्हाचे संरक्षणमंत्री हरजित सज्जन हे पूर्वी ज्या ब्रिटिश कोलंबिया रेजिमेंटचे प्रमुख होते, त्याच रेजिमेंटचा १९१४ मध्ये जहाज हुसकावून लावण्यात भाग होता.

दुसरी बाब मतांच्या गणिताची. चिकित्सक म्हणतात ते खोटे नाही. परंतु ते गणित आले कुठून, हेही पाहावे. ब्रिटिश कोलंबियाने १९०७ मध्ये भारतीयांचा मताधिकार काढून घेतला आणि तो १९४७ मध्ये परत दिला. चिनी लोकांचा त्याहून आधी काढला होता. चाळीस वर्षे ज्यांना मतच नव्हते त्यांच्याविरुद्ध कायदे करण्याची किंमत कोणत्याही उमेदवाराला मोजावी लागली नाही. आज त्यांच्या मतांसाठी कुणी माफी मागत असेल तर लोकशाहीचे यंत्र उशिरा का होईना चालू झाले, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.


पानगळ

कोमागाटा मारूची मराठी बाजू इथे कुणीच काढली नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गदर चळवळ उभी राहिली तिच्या आरंभकाळातल्या कार्यकर्त्यांत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते, आणि पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे तिथे शिकायला जाऊन याच चळवळीत ओढले गेले. जहाज परत पाठवल्याच्या आणि बजबजच्या बातम्यांनी किनाऱ्यावरच्या लोकांचा उरलासुरला राजनिष्ठ भाव संपवला, आणि १९१४ च्या हिवाळ्यात गदरचे लोक मोठ्या संख्येने भारतात परतले. पिंगळे मार्च १९१५ मध्ये मेरठच्या छावणीत बॉम्बसह पकडले गेले, आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला कर्तारसिंग सराभा यांच्यासमवेत फाशी गेले.

व्हँकुव्हरमध्येही रक्त सांडले. वस्तीत खबरे पेरणारा इमिग्रेशन खात्याचा अधिकारी विल्यम हॉपकिन्सन याला मेवा सिंग यांनी ऑक्टोबर १९१४ मध्ये न्यायालयाच्या इमारतीत गोळ्या घातल्या, आणि जानेवारी १९१५ मध्ये त्यांना फाशी झाली. तेव्हा बंदरातली घटना दोन महिन्यांत संपली असे समजू नये. सरकारी माफीत या पुढच्या साखळीला जागा मिळत नाही, ती जहाज निघून गेले तिथे थांबते.


काठावरचा

चर्चा चांगली चालली आहे, परंतु आपण सगळे कॅनडाच्या खिडकीतून पाहत आहोत, म्हणून घरचा विषय मांडतो. तो कॅनडाशी जोडलेलाही आहे.

१९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी भारत संरक्षण कायद्याखाली आणि परकीयांविषयीच्या सुधारित नियमांखाली आसाम, शिलाँग, दार्जिलिंग अशा भागांतून चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना उचलण्यात आले आणि रेल्वेने राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेण्यात आले. त्यात म्हातारी माणसे होती, शाळेत जाणारी मुले होती, आणि पुष्कळांचा जन्म भारतातलाच होता. आजोबा किंवा पणजोबा चहामळ्यांत किंवा सुतारकामासाठी आले, एवढाच चीनशी संबंध. काहींना जहाजाने चीनला धाडले गेले, जो देश त्यांनी पाहिलाही नव्हता. शेवटचे लोक १९६७ मध्ये सुटले, आणि परत गेल्यावर अनेकांना आपले घर व दुकान लिलावात गेलेले आढळले. नीलपंख यांनी लिहिलेला १९४३ चा परिच्छेद यापुढे ठेवून वाचावा. देवळी हे नाव मराठी डाव्या चळवळीच्या वाचकांना परिचित असेल, कारण इंग्रजांनी १९४० च्या आसपास श्रीपाद अमृत डांगे, जयप्रकाश नारायण अशा राजबंद्यांना तिथेच ठेवले होते. स्वतंत्र भारताने तीच छावणी पुन्हा उघडली.

सुटलेल्यांपैकी बरेच जण पुढे कॅनडात, विशेषतः टोरांटोत, स्थायिक झाले. त्यांनी तिथे संघटना स्थापन करून भारत सरकारकडे माफीची मागणी केली आहे. भरपाईवर त्यांचा भर नाही, चूक झाली एवढे म्हणावे अशी मागणी आहे. ते आजवर कुणी म्हटलेले नाही. आपल्याकडे आजही हा विषय काढला की युद्धकाळ होता, असे उत्तर मिळते, आणि १९४२ मध्ये ओटावातही तेच उत्तर होते.


चिकित्सक

देवळीचे प्रकरण मला ठाऊक नव्हते. त्यावर मी वाचेन. जपानी प्रकरणात हयात माणसांना भरपाई दिली, हे मला पटते, कारण देणारे राज्य तेच आहे आणि घेणारी माणसेही तीच आहेत. राज्य ही सातत्याने टिकणारी संस्था आहे, तिने काढलेले कर्जरोखे पुढच्या सरकारांनाही फेडावे लागतात, या न्यायाने जबाबदारीही पुढे येते, इथपर्यंत मी येऊ शकतो. पण डोईपट्टीबाबत माझा प्रश्न उरतोच : २००६ मध्ये किती लोक हयात असणार? शेवटची पट्टी १९२३ मध्ये भरली गेली. मग पैसे नेमके कुणाला दिले, आणि ज्यांच्या आईवडिलांनी भरले होते त्यांचे काय?


सागरगोटा (धागाकर्ता)

आपला प्रश्न नेमका आहे, आणि २००६ च्या माफीची सर्वांत कमकुवत बाजू तिथेच आहे. २०,००० डॉलरची रक्कम डोईपट्टी भरलेल्या हयात करदात्यांना, आणि करदाता वारला असल्यास त्याच्या हयात जोडीदाराला मिळाली. प्रत्यक्षात ही संख्या काही शेकड्यांची. दोघेही आधीच गेले असतील तर त्या कुटुंबाला काहीही नाही. चिनी कॅनडियन संघटनांची मागणी वेगळी होती : एक दाखला, एक दावा. ज्याच्या घरात पट्टी भरल्याचा दाखला असेल, त्याच्या वारसांना एकदा भरपाई द्यावी. ती मान्य झाली नाही. हार्पर यांनी निवेदनातच हा कायदेशीर दायित्वाचा विषय नसल्याचे स्पष्ट केले होते.

उशीर हा इथे धोरणाचाच भाग झाला, असे मला वाटते. १९८३ च्या सुमारास व्हँकुव्हरच्या डॅक लिऑन मार्क यांनी आपल्या खासदार मार्गारेट मिचेल यांच्याकडे जाऊन भरलेले ५०० डॉलर परत मिळवून देण्याची विनंती केली, तिथून ही मोहीम सुरू झाली. त्यानंतर चार हजारांहून अधिक करदात्यांनी व कुटुंबांनी संघटनेकडे नावे नोंदवली. १९९४ मध्ये सरकारने नकार दिला. २००५ मध्ये माफी आणि भरपाई वगळून फक्त स्मरणकार्यासाठी निधी देऊ केला. त्याच वर्षी गिम वाँग हे ८२ वर्षांचे गृहस्थ, दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या हवाई दलात असलेले आणि करदात्याचे पुत्र, मोटारसायकलवरून व्हिक्टोरियाहून ओटावाला गेले आणि पंतप्रधान पॉल मार्टिन यांनी त्यांना भेट दिली नाही. मोहिमेच्या २२ वर्षांत माणसे मरत होती आणि देणे कमी होत होते. न्यूझीलंडने अशाच पट्टीसाठी फेब्रुवारी २००२ मध्येच माफी मागितली होती, तेव्हा उदाहरण समोर नव्हते असेही म्हणता येत नाही.

कागदपत्रांविषयी : पट्टी भरणाऱ्याला सी. आय. ५ क्रमांकाचा दाखला मिळे, आणि पुष्कळ घरांतून तो हरवलेला होता. पण सरकारने स्वतः ठेवलेली चिनी स्थलांतराची नोंदवही शाबूत आहे, तिच्यात १८८५ पासूनच्या नव्वद हजारांहून अधिक नोंदी आहेत, आणि नाव, गाव, जहाज, तारीख व भरलेली रक्कम असा तपशील आहे. भेदभाव करताना इतकी नीट नोंद ठेवली म्हणून भरपाईच्या वेळी ती अर्जदारांच्या उपयोगी पडली.

सभागृहाच्या माझ्या मूळ मुद्द्याला धरून एक शेवटची भर. ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या विधिमंडळाने मे २०१४ मध्ये चिनी समाजाची माफी मागितली, तेव्हा प्रांताने स्वतःचे शंभराहून अधिक भेदभावी कायदे, नियम आणि धोरणे शोधून काढली. त्यानंतर जुन्या खासगी अधिनियमांमध्ये, म्हणजे एखादी कंपनी स्थापन करताना चिनी किंवा जपानी कामगार ठेवू नयेत अशा ज्या अटी घातल्या जात त्यांत, काही कलमे अजून पुस्तकात तशीच असल्याचे आढळले, आणि ती रद्द करण्यासाठी विधिमंडळाला २०१८ मध्ये वेगळा कायदा करावा लागला.